अंगणातलं जुनं डांबर थोडंसंच काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या भागांत गेटपासून पोर्चपर्यंत डांबर घातलेले बंगले पुष्कळ आहेत. त्यातला एखादा पट्टा काढून बाग करायची असते, कुणाला पेव्हर ब्लॉक बसवायचे असतात, कुणाला आंब्याच्या बुंध्याभोवतीचा फास मोकळा करायचा असतो. सगळं डांबर काढणं सोपं आहे. थोडं काढून बाकीचं शाबूत ठेवणं अवघड, कारण काम बिघडतं ते नेहमी राहणाऱ्या डांबराच्या कडेला. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत कडेचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

१. हे काम घरच्या घरी होतं का, की सरळ जेसीबी बोलवावा?

शंभर-दीडशे चौरस फुटांपर्यंतचं काम दोन धडधाकट माणसं दोन दिवसांत करू शकतात. आधी हिशेब मात्र मांडा. १०० चौरस फूट जागेवर दोन इंच डांबर असेल, तर ते १६ ते १७ घनफूट भरतं आणि त्याचं वजन साधारण ११०० किलो होतं. एका घमेल्यात २० किलो धरले तरी पंचावन्न खेपा झाल्या. खालची खडीही काढायची असेल (प्रश्न १२) तर खेपा दुपटीहून जास्त होतील. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने या आकड्यांकडे नीट बघूनच ठरवावं.

थोडाच भाग काढायचा असेल तर जेसीबी नकोच. बकेटचे दात डांबराच्या थराखाली शिरले की अख्खा थर चादरीसारखा वर येतो, आणि तो तुम्ही आखलेल्या रेघेवर थांबत नाही. शिवाय मशीनची चाकं ताज्या कापलेल्या कडेवरून गेली की कड तुटतेच. पाचशे चौरस फुटांच्या वरचं काम असेल तर जेसीबी आणा, पण रेघेपासून दोन फुटांचा पट्टा आधी हाताने मोकळा करून ठेवा.

२. डांबर किती जाड आहे हे फोडायच्या आधी कसं कळणार?

काढायच्या भागाच्या मधोमध एक फूट बाय एक फूट खड्डा करून बघा. कडेला बघू नका. तिथे थर नेहमी पातळ झालेला असतो आणि अंदाज चुकतो. घरगुती कामात खाली मुरूम किंवा दगडी सोलिंग, त्यावर दाबलेली खडी आणि वर डांबराचं कार्पेट अशी रचना बहुधा सापडते. एकाच वेळचं कार्पेट असेल तर जाडी पाऊण ते एक इंच भरते. मध्ये कधीतरी वरून दुसरा थर ओढलेला असेल तर दोन इंच किंवा त्याहून जास्त. खड्ड्याच्या उभ्या बाजूवर पाणी मारून ब्रशने घासलं की दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते.

हा खड्डा वाया जात नाही. पहार घालायला पहिली मोकळी जागा इथेच मिळते. पहार मारल्यावर खालून ठण्ण आवाज आला, तर डांबराखाली जुना कोबा आहे. तसं असेल तर तुमचं काम काँक्रीट फोडण्याचं आहे आणि त्याला ब्रेकर (फोडायचं विजेचं हत्यार) लागणारच.

३. हत्यारं कोणती जमवायची?

पाच फुटी पहार दोन, पाच किलोचा घण, चपटी आणि टोकदार छिन्नी, टिकाव, फावडं, घमेली, सुताची दोरी आणि खडू, गुण्या (काटकोन तपासायला), लेव्हल पाइप, धुम्मस (भराव ठोकून दाबायला). कापण्यासाठी पाच इंची मार्बल कटर (साधारण ३५ मिमी खोल कापतो) किंवा सात इंची ग्राइंडर (साधारण ५० मिमी). चार इंची ग्राइंडर जेमतेम एक इंच जातो, म्हणून तो पातळ कार्पेटलाच उपयोगी. तीस-चाळीस फुटांच्या वर कापायचं असेल तर बांधकामाचं सामान भाड्याने देणाऱ्याकडून ढकलत न्यायचं ग्रूव्ह कटिंग मशीन आणा. वेळ वाचतो आणि रेघही सरळ येते.

ब्लेड घेताना तुकड्यातुकड्यांच्या दातांचं डायमंड ब्लेड घ्या आणि ते डांबरासाठी आहे का हे दुकानात विचारा. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडासाठीच्या ब्लेडचं बंधन, म्हणजे हिऱ्याचे कण धरून ठेवणारा धातू, मऊ असतं. डांबरातली बारीक कच ते भराभर झिजवते, आणि दातांच्या खालची पोलादी तबकडीही कातरली जाते. मग फिरत्या ब्लेडचा दात निखळून उडू शकतो. तबकडी दातांच्या मुळाशी बारीक झालेली दिसली तर ते ब्लेड त्याच क्षणी टाकून द्या, दात कितीही शिल्लक असोत.

भाड्याच्या ब्रेकरला १५-१६ अँपिअरचा पॉइंट आणि २.५ चौरस मिमीची वायर लागते. वायरचं गुंडाळं पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय अंगणात विजेचं हत्यार चालवू नका.

गॉगल, एन-९५ मास्क, कानांचे बोळे आणि जाड बूट यांत काटकसर नको. बसाल्टच्या खडीची कपची काचेसारखी धारदार असते.

४. कोणत्या महिन्यात करावं? उन्हाने डांबर मऊ झालं की सोपं जाईल ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि बरोबर उलटा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी डांबर मऊ होतं, पण त्यामुळे ते तुटत नाही, वाकतं. पहार रुतते, थर ताणला जातो आणि राहणारी कड वर उचलली जाते. कटरचं ब्लेडही चिकटतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात ते अकरामध्ये हेच डांबर ठिसूळ असतं आणि ढपलेच्या ढपले स्वच्छ तुटून निघतात.

पावसाळ्यात हात लावू नका. उघडा पडलेला मुरूम एका रात्रीच्या पावसात चिखल होतो आणि राहणाऱ्या डांबराच्या पोटातूनही वाहून येतो. पाटण, जावळीसारख्या जोराच्या पावसाच्या पट्ट्यात तर मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर सुरुवातच करू नये. वळवाची एक सर पुरेशी होते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

५. परवानगी लागते का?

स्वतःच्या कुंपणाच्या आत लागत नाही. गेटबाहेरचा एक फूटही तुमचा नाही. तो नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो आणि तिथे खोदायला लेखी परवानगी लागते. सोसायटीत सामाईक रस्ता असेल तर सोसायटीची मंजुरी कागदावर घ्या.

६. खाली पाण्याची लाइन किंवा केबल असेल तर?

असेल असंच धरून चाला. जुन्या बंगल्यांत अर्धा-पाऊण इंची जीआय पाइप सहा-आठ इंचांवरही सापडतो. पाण्याचं मीटर आणि टाकी, ड्रेनेजचे दोन चेंबर, विजेचं मीटर आणि रस्त्याकडचा खांब या जोड्यांमध्ये सरळ रेघा कल्पून खडूने आखा. अर्थिंगचा खड्डा आणि गेटच्या दिव्याची वायर हमखास विसरली जाते. या रेघांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट ब्रेकर आणि टिकाव बंद. तिथे फक्त छिन्नी आणि खुरपं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घरातला मेन स्विच बंद केल्याने मीटरच्या अलीकडची, म्हणजे खांबाकडून येणारी केबल मृत होत नाही. ती जमिनीखालून आली असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या, मगच तिच्याजवळ जा.

७. रेघ सरळ आणि स्वच्छ कशी कापायची?

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

जागा झाडून पाण्याने धुऊन वाळू द्या, मग सूत मारा, म्हणजे खडू लावलेली दोरी ताणून रेघ उमटवा. सूत पावसाच्या पाण्याने पुसलं जातं, म्हणून त्यावर ऑइल पेंटची बारीक रेघ ओढून घ्या. रेघेशेजारी, राहणाऱ्या भागावर, सरळ अॅल्युमिनियमची पट्टी किंवा फळी वजन ठेवून बसवा आणि कटर तिला टेकवून चालवा. पहिल्या फेरीत पाच-सात मिमीच खोल जायचं. हीच फेरी पुढच्या फेऱ्यांना वाट दाखवते. ती वाकडी गेली तर पुढे सरळ होत नाही. नंतर प्रत्येक फेरीत दहा-पंधरा मिमी वाढवत डांबराच्या तळापर्यंत जा. खोली पुरत नसेल तर उरलेलं चपट्या छिन्नीने, तिरकं न मारता उभं तोडा.

आता दुसरी रेघ. पहिल्या रेघेपासून सहा इंचांवर, काढायच्या बाजूला, समांतर दुसरा काप घ्या. दोन कापांमधली ही सहा इंचांची पट्टी सगळ्यात आधी छिन्नीने तुकडे करून काढून टाका. मग राहणारं डांबर आणि जाणारं डांबर यांच्यात रिकामा चर तयार होतो, आणि पलीकडे पहारेने कितीही जोर लावला तरी तो कडेपर्यंत पोचत नाही. बहुतेक लोक ही पट्टी टाळतात आणि बहुतेकांच्या कडा तिथेच उचकटतात.

कोपऱ्यात ब्लेड गोल असल्याचा त्रास होतो. पाच इंची ब्लेड ३५ मिमी खोल असताना वरच्या बाजूला मध्यापासून दोन इंचांहून थोडं पुढे कापत असतं. तळ कोपऱ्यापर्यंत कापायला गेलात तर वरचा काप कोपऱ्याच्या पुढे राहणाऱ्या डांबरात घुसतो, आणि पुढे तिथूनच पाणी शिरून तडा जातो. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा, बाकी छिन्नीने करा. गोल वाफा हवा असेल तर एक-एक फुटाचे सरळ काप जोडून वळण काढा. चालू ब्लेड कापात वळवणं धोक्याचं आहे, ते अडकून हातावर उसळतं.

८. पाणी मारत कापावं की कोरडं?

मशीनला पाण्याची नळी जोडायची सोय असेल तर पाणी मारतच. धूळ बसते, ब्लेड थंड राहतं. साध्या हातातल्या ग्राइंडरवर मात्र पाणी ओतू नका, शॉक बसेल. तो कोरडाच चालवा, अर्धा मिनिट कापून थोडा वेळ हवेत मोकळा फिरू द्या. ओल्या कापणीचा काळा गाळ लगेच धुवा. वाळला की फरशीवर डाग पक्का होतो.

९. कटर नाहीच. छिन्नी-घणावर भागेल का?

एक इंची कार्पेट असेल तर भागेल. रेघेवर चपटी छिन्नी उभी धरून आधी पूर्ण लांबीभर हलकी खाच पाडा, मग तीन-चार फेऱ्यांत खोल करा. एकाच जागी खोल जाऊ नका, तिथून तडा आडवा पळतो. दोन इंचांच्या थराला हे जमत नाही असं नाही, पण वीस फुटांच्या रेघेला अख्खा दिवस जाईल आणि कड ओबडधोबडच येईल. तशी कड पुढे काँक्रीटच्या पट्टीत (प्रश्न ११) झाकायची असेल तरच हा मार्ग घ्या.

१०. तुकडे उचलायचे कसे? आणि कड उचकटलीच तर?

चाचणीच्या खड्ड्यापासून सुरुवात करून रेघेच्या दिशेने या. पहारेचं टोक थराखाली दोन-तीन इंच सरकवा, मागे टेकू म्हणून दगड किंवा विटेचा तुकडा ठेवा आणि पहार खाली दाबा. थर दोन बोटं वर आला की दुसऱ्याने त्या उचललेल्या भागावर घण मारायचा. जमिनीला चिकटलेल्या डांबरावर मारलेला घण नुसता उसळतो. पोकळीवरचं डांबर एका घावात तुटतं. दीड फूट बाय दीड फुटाचा दोन इंची तुकडा साधारण २५ किलोचा असतो, त्याहून मोठा ठेवू नका.

टेकू कधीही राहणाऱ्या डांबरावर ठेवायचा नाही. ब्रेकर वापरत असाल तर त्याचं टोक नेहमी कडेपासून दूर रोखलेलं असावं.

कड उचकटली तर ती ठोकून खाली बसवण्याचा मोह आवरा. वरून बसली तरी खडीपासूनची पकड सुटलेली असते आणि चार महिन्यांत ती तुटते. घणाच्या दांड्याने ठोकत जा; भद्द आवाज येतो तिथे पोकळ आहे. पोकळ भाग संपतो त्याच्या पुढे चार इंचांवर नवी सरळ रेघ मारून पुन्हा कापा. जागा थोडी वाढेल, पण काम टिकेल.

११. कापलेली कड तशीच उघडी ठेवली तर चालेल?

नाही. डांबराला बाजूने आधार लागतो. तो नसेल तर गाडीचं चाक कडेजवळून गेलं की खडी एकेक करून सुटते आणि पावसाळ्यानंतर कड करवतीसारखी दिसते. कडेला लागून चार इंच रुंद, आठ इंच खोल काँक्रीटची पट्टी घाला. तिचा माथा डांबराच्या बरोबरीने ठेवा, वर आला तर पाणी अडतं.

प्रमाण १ सिमेंट, १.५ वाळू किंवा क्रशसँड, ३ खडी (२० मिमीची). एका ५० किलोच्या पिशवीत साधारण साडेचार घनफूट काँक्रीट होतं आणि वीस फूट लांब पट्टीला तेवढंच लागतं. त्यासाठी दोन घनफुटांना थोडी कमी वाळू आणि पावणेचार घनफूट खडी. पाणी २५ लिटरच्या आत ठेवा, पातळ काँक्रीट तडकतं. दर सहा फुटांवर पत्र्याची पट्टी उभी घालून सांधा ठेवा. गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारा. दोन आठवडे त्यावरून गाडी नेऊ नका.

पेव्हरच्या बाजूलाही ही पट्टी लागतेच. ती नसेल तर पेव्हर सरकतात आणि डांबरही सोबत ढिलं होतं.

१२. डांबराखालची खडी-मुरूमही काढावी लागते का?

वर काय येणार यावर आहे. पेव्हर बसवणार असाल तर जुनी दाबलेली खडी म्हणजे आयतं मिळालेलं सोनं आहे. पातळीपुरती खरवडा, बाकी हलवू नका. बाग करणार असाल तर मात्र ती पूर्ण काढा. वरून नऊ इंच माती टाकून खाली दाबलेला मुरूम तसाच ठेवला की पावसाळ्यात वाफ्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात.

खोल जाताना कडेला लागून सरळ उभा चर खणू नका. राहणाऱ्या डांबराखालची खडी त्या बाजूने ओघळते. काँक्रीटची पट्टी आधी घाला, ती पक्की झाल्यावर तिच्यापासून एक फूट सोडून उतरत्या बाजूने खोल जा. हिरवळीला नऊ इंच, झुडपांना दीड फूट, झाडाला तीन फूट बाय तीन बाय तीनचा खड्डा. तळ कुदळीने सहा इंच उकरून ठेवा.

१०० चौरस फूट वाफा नऊ इंच भरायला ७५ घनफूट लागतात. माती बसते म्हणून ९० घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट) मागवा. तीन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत. गाडीचं ऑइल गळून काळी पडलेली खालची माती असेल तर ती या भरावात मिसळू नका.

१३. आमच्याकडे खाली काळी माती आहे. काही वेगळं करायला लागतं का?

हो, आणि सांगली-मिरजेकडच्या वाचकांनी हे उत्तर वगळू नये. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आतापर्यंत डांबराच्या झाकणाखाली तिच्यातला ओलावा जवळपास स्थिर होता. तुम्ही एक पट्टा उघडून तिथे रोज पाणी घालू लागलात की कडेखालची माती फुगते, पुढच्या उन्हाळ्यात आकसते, आणि कडेपासून दीड-दोन फुटांवर डांबराला कडेशी समांतर तडा जातो. लोक दोष डांबराला देतात. कारण असतं पाणी.

उपाय असा: काँक्रीटची पट्टी पक्की झाल्यावर तिच्यापासून एक फूट सोडून, वाफ्याकडच्या अंगाला दोन फूट खोल अरुंद चर घेऊन त्यात शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उभा सोडा. चर मुरमाने दाबून भरा. कागदाचं वरचं टोक मातीच्या दोन इंच खाली राहू द्या. कडेपासून दोन फुटांत पाणी कमी लागणारी झाडं लावा, ठिबकचे ड्रिपर त्याच्या पलीकडे.

साताऱ्याच्या ज्या भागांत मुरूम किंवा मांजऱ्या (मऊ खडक) वरतीच लागतो, तिथे हा प्रश्न येत नाही. तिथे पाणी झटकन खाली जातं, फक्त खणायला घाम जास्त गाळावा लागतो.

१४. पाण्याचा उतार बिघडेल का?

बघितलं नाही तर बिघडेल. डांबरावरचं पाणी आजवर कुठे जात होतं हे काम सुरू करण्यापूर्वी दोन बादल्या ओतून पाहा. उतार दहा फुटांना दोन इंच ठेवा आणि तो घराच्या जोत्याकडे कधीही नको. लेव्हल पाइपमधला हवेचा बुडबुडा काढल्याशिवाय मोजू नका. वाफा खोलगट ठेवून पाणी मुरवायचं असेल तर उत्तमच आहे, पण काळ्या मातीत ते मुरत नाही. तिथे तळाला खडीत गुंडाळलेला तीन इंची भोकाभोकांचा पीव्हीसी पाइप टाकून गटाराकडे काढा.

१५. काढलेल्या जागी पेव्हर बसवायचेत. किती खोल जायचं?

कारसाठी ६० मिमीचे पेव्हर पुरतात. ट्रॅक्टर किंवा पाण्याचा टँकर आत येणार असेल तर ८० मिमीचे घ्या. पेव्हरखाली २५ ते ३० मिमी कच, त्याखाली १०० ते १५० मिमी दाबलेली खडी. म्हणजे साठच्या पेव्हरला वरून एकूण सव्वासात ते साडेनऊ इंच. जुनी खडी चांगली असेल तर तीच या हिशेबात धरा. कच जाड टाकून उंची भरून काढू नका, चाकाच्या वाटेवर खोबण पडते. बसवताना पेव्हर डांबरापेक्षा पाच मिमी वर ठेवा, वर्षभरात तेवढे बसतात. सरकतं गेट असेल तर रुळाची पातळी आधी मोजा.

१६. मधून पाइप टाकायला फक्त चर कापलाय. पुन्हा डांबरानेच बुजवता येईल?

येईल. पाइपवर चार इंच वाळू, मग चार-चार इंचांचे थर करून ओलसर मुरूम, प्रत्येक थर धुम्मसने आवाज कडक होईपर्यंत ठोका. एकदम भरून वरून ठोकलं तर पहिल्या पावसातच चर खचतो. वरचा थर भरायच्या आधी चराच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच डांबर आणखी कापून काढा, म्हणजे नवा थर न हललेल्या खडीवर टेकेल. उभ्या कडांना बिटुमेन इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) फासा. कोल्ड मिक्सची (न तापवता वापरायच्या तयार डांबरी मालाची) २५ किलोची पिशवी दोन इंच जाडीला अडीच-पावणेतीन चौरस फुटांना पुरते. माथा अर्धा-एक सेंटिमीटर वर ठेवा, चाकं तो दाबतील.

१७. निघालेल्या तुकड्यांचं काय करायचं?

दोन इंची थराचे १०० चौरस फुटांचे तुकडे सुटे झाल्यावर साधारण पाव ब्रास भरतात. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत आरामात मावतात. ओढ्यात, नदीकाठी, विहिरीत किंवा शेताच्या बांधावर टाकू नका. कृष्णेचा, वेण्णेचा काठ राडारोड्याची जागा नाही. पालिकेकडे राडारोड्याची ठरलेली जागा विचारा, ट्रॉलीवाल्याला ती जागा आधीच सांगा आणि माल कुठे पडला ते स्वतः बघा.

घरातच वापरायचे असतील तर दोन इंचांपेक्षा लहान फोडून पार्किंगच्या भरावात मुरमासोबत दाबता येतात. भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ नको.

१८. जुनं डांबर तापवून पुन्हा वापरलं तर?

घरी करू नका. वर्षानुवर्षं उन्हात डांबराचा चिकटपणा कमी झालेला असतो, नुसतं तापवून तो परत येत नाही. कारखान्यात जुना माल नव्या बिटुमेनबरोबर मोजून मिसळतात. घरी पिंपात जाळ करून तापवलं तर विषारी धूर निघतो, भडका उडतो, आणि पाण्याचा थेंब पडला तर उकळतं डांबर फेसाळून बाहेर येतं. अंगावर पडलेलं डांबर कातडीला चिकटून भाजत राहतं.

१९. कापताना डांबरगोळीसारखा उग्र वास येतोय. काही धोका?

काम थांबवा. आजचं रस्त्याचं डांबर हे पेट्रोलियमपासून निघणारं बिटुमेन आहे, त्याला तेलकट वास येतो. मुळातलं डांबर म्हणजे कोलटार दगडी कोळशापासून निघतं. कपाटात ठेवायच्या गोळ्यांचं नॅप्थलीन त्यातूनच मिळायचं, म्हणून त्या डांबरगोळ्या. कोलटार कॅन्सरकारक आहे. खूप जुन्या थरात किंवा वरून फासलेल्या काळ्या लेपात ते असू शकतं. असा वास येत असेल तर कोरडी कापणी आणि ग्राइंडर बंद. थर ओला ठेवून पहारेने मोठ्या तुकड्यांत काढा, हातमोजे घाला, कपडे वेगळे धुवा. हे तुकडे प्रश्न १७ मधल्या भरावात वापरू नका.

२०. झाडाच्या मुळांनी डांबर उचललंय. मुळं तोडावीत का?

मनगटाएवढी मुळं तोडू नका. झाड त्याच मुळांवर उभं असतं; एका बाजूची तोडली तर वादळी पावसात ते दुसऱ्या बाजूला जातं, बहुधा घरावर. बुंध्याभोवतीचं डांबर काढताना ब्रेकर वापरू नका, छिन्नी आणि छोटी पहार पुरे. बुंध्यापासून किमान तीन फूट जागा चारही बाजूंनी मोकळी करा. उघडी पडलेली मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाका आणि त्याच दिवशी माती व शेणखत टाकून बुजवा. अंगठ्याएवढी मुळं नाइलाजाने काढायची झाली तर करवतीने स्वच्छ कापा, टिकावाने फाडू नका. इथे काँक्रीटच्या पट्टीऐवजी विटा आडव्या लावा, म्हणजे मुळाच्या जागी सोडता येतात. झाडच काढायचं असेल तर शहराच्या हद्दीत १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते.

२१. आमच्या अंगणात पुराचं पाणी चढतं. तरी हे काम टिकेल?

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांनी आधी सगळं अंगण घणाच्या दांड्याने ठोकून घ्यावं. पाणी उतरताना खालची बारीक माती ओढून नेतं आणि वरून धडधाकट दिसणारं डांबर आतून पोकळ झालेलं असतं. पोकळ भाग काढायच्या हद्दीत घ्या, रेघ पक्क्या भागात मारा. कामाला हात घालण्यापूर्वी जमीन पूर्ण वाळू द्या. काळ्या मातीला दोन-तीन महिनेही लागतात. एक फूट खोल खणून मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर अजून थांबा. अशा जागी वाफ्यापेक्षा पेव्हर बरे, कारण पूर ओसरल्यावर ते उचलून खालची कच बदलता येते.

२२. मजूर लावले तर त्यांना काय नीट सांगायचं?

दर चौरस फुटावर ठरवा, दिवसावर नको. डांबर काढणं, खडी काढणं आणि माल उचलून नेणं यांचे तीन दर वेगळे बोला, नाहीतर तुकडे गेटपाशी पडून राहतात. कापायची रेघ तुम्ही स्वतः मारा आणि सहा इंची पट्टी (प्रश्न ७) निघेपर्यंत तिथे उभे राहा. ती निघाली की बाकीचं काम त्यांच्यावर सोडायला हरकत नाही.